उतरताना मागून घ्या

सतरा तारखेला बिल तयार झालं,
एकोणीसला तिकिटांचे पैसे परत आले.
मधल्या त्या दोन दिवसांत मी अडकून पडले आहे
शारजात, अल नहदाच्या सातव्या मजल्यावर.
एसीखालची बादली अर्धी भरली,
फोनमधलं गाणं तीनदा संपलं,
तेव्हा कुठे पलीकडून आवाज आला :
मी रानिया, काय मदत करू?

वहीत वजाबाकी करूनच ठेवली होती.
बावीसशे चार दिरहम, वजा पंधराशे छत्तीस,
बाकी सहाशे अडुसष्ट.
तेवढे भरते, मिटवून टाका.
रानिया म्हणाली, नाही मॅडम,
परतावा म्हणजे भरणा नव्हे.
बिलावर छापलंय ते अकरापर्यंत पूर्ण भरा.
आलेले पैसे खात्यावर आहेत, कुठे जात नाहीत,
पुढच्या बिलात दिसतील.

पण रानिया, मी गेलेच नाही गं.
खिडकीजवळची जागा मागितली नाही,
मैथिलीचे नवे बूट अजून खोक्यात आहेत.
दवाखान्यातली दुसरी रिसेप्शनिस्ट अचानक सोडून गेली
आणि डॉक्टरांनी माझी रजा
दाढ काढावी तशी काढली,
बोलता बोलता, दुखणार नाही म्हणत.
न केलेल्या प्रवासाचं भाडं आधी सगळं भरायचं
आणि मग बघायचं, की ते परत मिळालंय?
हो मॅडम, असंच.
आणखी काही मदत?

बाबांची एकसष्टी चारला झाली.
देवरुखला ओटीवर ताईने फोन धरला होता.
एकसष्ट दिव्यांचं ताट आत्याच्या हातात थरथरत होतं.
मी मोजत होते. अडतिसाव्याला चित्र गोठलं,
बाबांचा एक डोळा मिटलेला,
भुवईवर एक अक्षत, पडायची राहिलेली.
रात्री त्यांचा मेसेज : छान झालं, तू मनाला लावून घेऊ नको.
हेही जमाच.
कुठल्या महिन्यात धरतात, ते मला माहीत नाही.

लिस्सीकडून नऊशे उसने घेतले.
कधी देशील विचारलं नाही तिने,
एवढंच म्हणाली, माझ्या कार्डाची तारीख पंधरा.
दहाला रात्री सगळे भरले,
बावीसशे चार, वर एक फिल्स नाही.

पुढच्या सतराला बिल आलं.
किराणा, टॅक्सी, मैथिलीची स्कूलबस धरूनही
आकड्याच्या आधी उणे. उणे चारशे बारा.
मी घाबरलेच. उणे म्हणजे आपल्याकडे खड्डा.
मग खाली वाचलं, भरायची रक्कम : शून्य.
नऊ वर्षांत या गावात पहिल्यांदा
कुणीतरी माझं देणं लागतं,
आणि तेही बँक.

बाबांना फोन केला.
तीस वर्षं एसटीत कंडक्टर.
सुटे नसले की तिकिटामागे पेनाने आकडा लिहून
उतरताना मागून घ्या, म्हणणारा माणूस.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तारखा पुन्हा विचारल्या.
लिहून दिलंय ना त्यांनी? मग बुडत नाहीत.
माणसंच विसरतात.
घर जवळ आलं, की तिकीट उलटून कोण बघतो.

मी म्हटलं, मग विसरलेल्यांच्या पैशांचं काय करायचात?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
बिस्किटांच्या डब्यात आहेत, म्हणाले. त्र्याऐंशी रुपये.
त्यातले तेरा साखरप्याच्या एका बाईंचे.
हिरवी पिशवी होती, आणि टोपलीत दोन कोंबड्या.
आल्या कधी, तर.